दोन रक्तांचा कवी कोणाच्या बाजूचा?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठीतून झाली, आता इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. अभ्यासाला डेरेक वॉलकॉट यांची केनियातल्या रक्तपातावरची कविता आहे. गोरे राज्यकर्ते आणि काळे बंडखोर, दोघांचेही रक्त आपल्या अंगात आहे, असे तो कवी सांगतो आणि शेवटपर्यंत प्रश्नच विचारत राहतो. बाजू घेत नाही. मला ते खटकले. वसाहतीतून सुटलेल्या देशांच्या कवितेची हीच खूण, असे वर्गात सांगितले गेले. मग असा दुभंग मराठी कवितेत आहे का? आमच्या सोलापुरात तर १९३० साली मार्शल लॉ लागला, चौघे फासावर गेले. त्या काळच्या कवितेत मात्र दुभंग दिसत नाही, असे का? आणि शेवटचा प्रश्न स्वतःपुरता: मीही थोडेफार लिहिते. तीन भाषांतली माझी कोणती?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रात खरे तर तीन प्रश्न आहेत. पहिल्यापासून सुरुवात करू, कारण वॉलकॉटवर तुमचा जो आक्षेप आहे तो सुटला की पुढची वाट सोपी होते.

वॉलकॉट १९३० साली सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावर जन्मले. त्यांच्या दोन्ही आज्या गुलामांच्या वंशातल्या, दोन्ही आजोबा गोरे. हे बेट फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात पुन्हा पुन्हा हात बदलत राहिले. त्यामुळे घरीदारी फ्रेंच वळणाची बोली आणि शाळेत इंग्रजी, अशा दोन जिभा मुलांना लहानपणीच मिळत. केनिया त्यांच्यापासून हजारो मैल दूर. तिथल्या सुपीक डोंगराळ जमिनी गोऱ्या शेतकऱ्यांनी बळकावल्या होत्या. त्यातून किकुयू लोकांचा माऊ माऊ उठाव पेटला आणि १९५२ साली सरकारने आणीबाणी पुकारली. दोन्हीकडून माणसे मारली गेली. आफ्रिकी लोक कितीतरी अधिक. त्या वेळी वॉलकॉट विशीतले होते. ही कविता पुढे १९६२ च्या त्यांच्या संग्रहात आली.

आता कवितेत काय घडते ते पाहा. अंथरुणात मारल्या गेलेल्या गोऱ्या मुलाबद्दल कवी गप्प बसत नाही. काळ्या माणसांचे मरण राज्यकर्त्यांच्या कागदांवर नुसत्या आकड्यांत मोजले जाते, तेही तो सोडत नाही. सुधारणेच्या नावावर चाललेली कत्तल त्याला मान्य नाही आणि स्वातंत्र्याच्या नावावर झालेली निर्घृण हत्याही मान्य नाही. म्हणजे न्यायाची बाजू त्याने ओळीओळीला घेतली आहे. त्याला घेता येत नाही ती वंशाची बाजू. ज्या सत्तेला शाप द्यायचा तिचीच भाषा त्याच्या काळजात रुजली आहे; ती टाकली तर तो मुका होईल, आणि ठेवली तर आपल्याच लोकांशी बेइमानी केल्याचे त्याला वाटत राहील. शेवटचे प्रश्न तिथून येतात. उत्तर टाळण्यासाठी माणूस एकच प्रश्न इतक्या वेदनेने पुन्हा पुन्हा विचारत नाही. त्याच्यापाशी असलेले उत्तर खोटे ठरेल हे कळल्यामुळेच तो प्रश्नापाशी थांबला आहे. तुम्हाला खटकले ते बरोबरच आहे. त्या कवितेने खटकलेच पाहिजे.

आता सोलापूर. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांचे हे गाव रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, माणसे पडली, पोलीस चौकी जळाली. सरकारने मार्शल लॉ पुकारला तो जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणे, झेंडा मिरवणे हेही गुन्हे ठरले. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवत. या चौघांच्या पुतळ्यांपाशी तुम्ही रोज बस बदलत असाल तर ही नावे तुम्हाला पाठ असतील.

त्या काळातल्या सोलापूरच्या कवितेचे नाव घ्यायचे तर कवी कुंजविहारी, म्हणजे हरिहर गुरुनाथ सलगरकर यांचे घ्यावे लागेल. फाशीच्या तख्ताकडे निघालेला मुलगा रडणाऱ्या आईला धीर देतो आणि पुन्हा तुझ्याच पोटी जन्म घेईन असे वचन देतो, ही त्यांची कविता महाराष्ट्रभर गायली गेली. तिच्यात दुभंग शोधून सापडणार नाही. कारण साधे आहे. समोर बंदूक घेतलेला शिपाई उभा असतो, सत्तेला चेहरा असतो, तेव्हा कविता एका आवाजात बोलते. तिचे कामच असते माणसांना एकत्र बांधण्याचे. ते चौघे चार जमातींतले होते आणि तरी एकाच दिवशी एकाच कारणासाठी गेले. त्या क्षणी कवीने आपल्या मनातल्या शंका मांडत बसायचे नसते, आणि कुंजविहारींनी त्या मांडल्या नाहीत. दुभंगाची कविता वेगळ्या वेळी लिहिली जाते: सत्ता निघून गेल्यावर तिचे काय काय आपल्यात राहिले याचा हिशेब करताना, किंवा सत्ता अंगणात असतानाच तिच्याशी एखादे खोल नाते जडले तर.

असे नाते जडलेला आपला एक मोठा कवी नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. संस्कृत जाणणारा, देशावर जीव टाकणारा हा ब्राह्मण १८९५ साली ख्रिस्ती झाला. घर फुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहेच. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. या मिशनचे ठाणे सोलापुरातही होते. स्वकीयांच्या नजरेत ते साहेबाच्या धर्मात गेलेले, आणि मिशनच्या चौकटीत त्यांचा तुकाराम मावत नव्हता. त्यांनी काय केले? ख्रिस्ताला अभंगात आणले, कीर्तनात उभे केले, टाळमृदंगाच्या साथीवर बसवले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचे अनुयायी व्हायला परक्या संस्थेचे छत्र लागत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. दोनच वर्षांनी ते गेले. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये अजून म्हटली जातात. इथे दुभंग आहे, पण तो कवीला पंगू करत नाही. दोन परंपरांपैकी एकीला नाकारण्याऐवजी टिळकांनी दोघींकडून जास्त मागितले.

आता मात्र मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्यापाशी येतो. वॉलकॉटची कविता वाचताना आपण नकळत एक आराखडा डोक्यात घेतो: एका बाजूला राज्यकर्ता परका, दुसऱ्या बाजूला आपण. महाराष्ट्रात हा आराखडा जसाच्या तसा बसत नाही, कारण इथे ‘आपण’ कधीच एकसंध नव्हतो. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा. १८५७ च्या उठावाला अजून तीन वर्षे होती. त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. इंग्रजीला आईच्या जागी मानण्यापर्यंत त्या जातात. तेवीस वर्षांच्या या शिक्षिकेच्या अंगावर शेणमाती फेकणारे कोण होते? साहेब नव्हता. तिच्या शाळेतल्या मुलींना अक्षरापासून शतकानुशतके दूर ठेवले ते आपल्याच माणसांनी. वॉलकॉटला जी भाषा जखमेसारखी दुखते, तीच सावित्रीबाईंना बंद दाराची किल्ली वाटते. दोघेही खरे आहेत. इंग्रजी एकच, साम्राज्य एकच, पण कोणाच्या मानेवर कोणाचे जू आधीपासून होते यावर तिचा अर्थ ठरतो.

म्हणून मराठी कवितेत दुभंग आहे का, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: आहे, आणि तो तिहेरी आहे. साहेब, आपल्यातले वरचे, आणि त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला मी. यातला तिसरा कोन ज्याला दिसत नाही, त्याची वसाहतीवरची चर्चा आपल्याकडे अर्धीच राहते.

या तिसऱ्या कोनाचा सर्वांत जळजळीत दाखला तुमच्याच जिल्ह्यातला आहे. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. ते कवीही आहेत आणि समीक्षकही, पण १९८४ च्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनाने ते घरोघर पोहोचले. वडील पाटील, जातीने लिंगायत, आई महार. वाडा वडिलांचा, पण मुलगा वाढला तो आजीच्या झोपडीत. त्या आजीसोबत राहणारा, या मुलाला नातवासारखा जपणारा माणूस मुसलमान, बसस्थानकावर हमाली करणारा. शाळेने वडिलांचे नाव विचारले, सरकारी कागदाने जात विचारली, आणि प्रत्येक वेळी हा मुलगा गप्प झाला. ज्याचे रक्त त्याचे नाव लावायची सोय नाही, आणि ज्याने भाकरी दिली त्याचा धर्म आपला नाही. गावात जो शब्द शिवी म्हणून तोंडावर फेकला जाई, तोच त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावला.

वॉलकॉट शेजारी ठेवून हे वाचा. दोन रक्ते, दोन्ही बाजूंची ओढ, दोन्ही बाजूंचा राग: सारे काही जुळते. फक्त साहेबाच्या जागी पाटलाचा वाडा येतो. अक्कलकोट हे तर संस्थान होते, १९४८ साली विलीन झाले. या मुलुखात गोरा अधिकारी क्वचितच दिसायचा. रोजची सत्ता गावातच राहत होती आणि १५ ऑगस्ट १९४७ ला ती कुठेही निघून गेली नाही. याच सत्तेविरुद्ध दलित कविता उभी राहिली: नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा संग्रह १९७२ चा. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. आपल्या दुःखाचे नातेवाईक या तरुणांना अटलांटिकपलीकडे सापडले होते. सेंट लुशियाचा कवी आणि हन्नूरचा लेखक एकाच वाक्यात घेणे ओढूनताणून केलेले नाही, ते याचमुळे.

भाषेचा दुभंग हा याच्याच जवळचा, पण वेगळा. त्यासाठी अरुण कोलटकरांकडे जायला हवे. कोल्हापूरचा हा कवी आयुष्यभर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत राहिला. ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह १९७६ चा. त्याला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला, आणि त्याच १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह आला. ‘जेजुरी’ची पहिलीच कविता जरा निरखून वाचा. एसटीतून रात्रभर प्रवास चालला आहे, खिडक्यांवर ताडपत्री आहे. समोर गंध लावलेला एक म्हातारा बसला आहे आणि त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत प्रवाशाला आपलाच चेहरा दिसतो, दुभंगलेला. गाडी थांबते, प्रवासी उतरतो, पण म्हाताऱ्याच्या मनात त्याला शिरता येत नाही. सगळा प्रश्न त्या चष्म्यात आहे. म्हातारा खंडोबाला निघाला आहे, का, हे त्याला कोणाला सांगावे लागत नाही. इंग्रजीत विचार करणारा प्रवासीही तिथेच निघाला आहे, त्याच माणसांतला आहे, आणि तरी श्रद्धेच्या उंबऱ्याशी अडतो. पुढे दगड कोणता आणि देव कोणता हे न कळणाऱ्या त्या डोंगरावर तो थट्टा करत नाही आणि लोटांगणही घालत नाही. तो पाहतो. इतके नीट पाहणे हेही प्रेमच आहे, असे मी मानतो.

भालचंद्र नेमाडे यांना हे पटले नाही. कोलटकर जेजुरीत सहलीला आलेल्यासारखे वावरतात, असा त्यांचा आक्षेप. नेमाडे स्वतः वर्षानुवर्षे इंग्रजीचे प्राध्यापक, पण सर्जनशील लेखन आपल्या भाषेतच व्हावे यावर ठाम. त्यांच्या या आग्रहाला जगात एक सख्खा भाऊ आहे: न्गुगी वा थिओंगो, त्याच केनियातले, त्याच किकुयू लोकांतले. इंग्रजीत कादंबऱ्या लिहून नाव झाल्यावर त्यांनी १९७७ साली गावकऱ्यांसोबत किकुयू भाषेत नाटक केले, सरकारने तुरुंगात टाकले, आणि तिथे मिळणाऱ्या शौचाच्या कागदावर त्यांनी किकुयूत कादंबरी लिहिली. त्यांना तुरुंगात टाकणारे सरकार स्वतंत्र केनियाचे होते, हेही ध्यानात ठेवा. वॉलकॉटने इंग्रजी ठेवली, न्गुगींनी सोडली. कोलटकरांनी दोन्ही ठेवल्या, नेमाड्यांनी मराठी धरली. या चौघांत कोण चुकला असे मला विचाराल तर मी कोणाचेच नाव घेणार नाही. प्रत्येकाने आपल्या निवडीची किंमत स्वतः मोजली आहे.

गोव्याचाही दाखला देतो, कारण तिथे परकी सत्ता पोर्तुगीज होती आणि दुभंग पडला तो मराठी आणि कोकणी या दोन घरच्या भाषांत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात जायचे की नाही यावर मतदान केले आणि वेगळे राहायचे ठरवले. त्या वादळात भाषा हीच माणसांची बाजू झाली होती. बा. भ. बोरकर मात्र मराठीचे थोर कवी आणि कोकणीचेही. ‘सासाय’ या कोकणी संग्रहाला त्यांना १९८१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची कोकणी कविता वाचून मराठी वाचकाचे काही कमी झाले नाही.

आता तुमची भाषा. तुम्ही तीन भाषांमुळे स्वतःला तुटलेल्या समजता आहात, असे पत्रावरून वाटते. ते काढून टाका. सोलापुरात असे असणे ही अडचण नव्हे, ती इथली जुनी रीत आहे. ज्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला संक्रांतीत सारे गाव लोटते ते सिद्धेश्वर बाराव्या शतकातले वचनकार; त्यांची वचने कन्नडात आहेत. शाहीर राम जोशी याच गावचे. संस्कृत पंडित असून लावणीत रमले आणि त्यांनी एकाच रचनेत अनेक भाषा खेळवल्या. तुमच्या अगदी जवळचे उदाहरण लक्ष्मीनारायण बोल्ली यांचे. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातून आलेल्या या कवीने मराठीत कविता लिहिली, तेलुगूतले साहित्य मराठीत आणले आणि ‘एका साळियाने’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. पूर्व भागात मागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीला वाट विचारायला फार दूर जायला नको.

तरीही निवड करावीच लागते, आणि त्यासाठी मी एक कसोटी सांगेन. कोणत्या भाषेत तुम्हाला राग आवरून बोलता येत नाही, ते पाहा. आजी विड्या वळताना ज्या भाषेत नशिबाला बोल लावते, ती भाषा तुमच्याकडे आहे. शाळेत ज्या भाषेत पहिल्यांदा अपमान झाला आणि पहिल्यांदा शाबासकी मिळाली, तीही आहे. आणि जिच्यातून वॉलकॉट तुमच्यापर्यंत पोहोचला, तीही आहे. यातली जी भाषा तुम्हाला खोटे बोलू देत नाही, तिच्यात लिहा. बाकीच्या दोन्हींना हाकलू नका. त्या तुमच्या शब्दांत, लयीत, शिव्याशापांत आपोआप येतील, आणि आल्या की त्यांना साफ करत बसू नका. प्रमाण मराठीच्या धाकाने घरची तेलुगू पुसून टाकाल तर ती छोटीशी वसाहत तुम्ही स्वतःच स्वतःवर लादाल.

वाचनाचा क्रम विचाराल तर असा ठेवा. आधी ‘अक्करमाशी’, कारण ती तुमच्या जिल्ह्याची आहे. मग सावित्रीबाईंच्या कविता आणि टिळकांचे अभंग. नंतर ‘जेजुरी’ इंग्रजीत आणि त्याला लागूनच कोलटकरांच्या मराठी कविता. एकच माणूस दोन भाषांत कसा बदलतो आणि कुठे बदलत नाही, ते तिथे दिसेल. एवढे झाले की वॉलकॉटची कविता पुन्हा काढा. तो कोणाच्या बाजूचा आहे हा प्रश्न तेव्हा तुम्हाला पडणार नाही असे मी म्हणत नाही. पण त्याच्यासोबत आणखी एक प्रश्न उभा राहील: आपल्या गावात, आपल्या घरात, मी कोणाच्या मानेवर बसलेली आहे आणि माझ्या मानेवर कोण? तुमची कविता त्या प्रश्नापासून सुरू झाली, तर ती कोणत्याही भाषेत लिहा, ती तुमचीच असेल.